सेरह, आशेराची मुलगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा ४६ वा अध्याय हा याकोबाच्या घराण्याच्या स्थलांतराचा अध्याय आहे. दुष्काळ पडलाय, मेला असं समजलेला मुलगा योसेफ जिवंत असल्याची खबर आलीय आणि म्हातारा याकोब सगळा कबिला घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला, निघालाय. मध्येच नावांची लांबलचक यादी सुरू होते आणि बहुतेक वाचक ती भराभर उरकून पुढे जातात. त्या यादीत एक मुलगी आहे. तिच्याबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मूळ बायबलमध्ये काय आहे आणि नंतरच्या यहुदी परंपरेने काय सांगितलं, हे दोन्ही मी जागोजागी वेगळं ठेवलंय. वाचतानाही ते वेगळं ठेवावं ही विनंती.

सेरह म्हणजे नेमकी कोण?

याकोबाची नात. याकोबाच्या बारा मुलांपैकी आशेर हा लेआची दासी जिल्पा हिच्या पोटी झालेला, आणि सेरह ही या आशेराची मुलगी. तिला चार भाऊ होते: इम्ना, इश्वा, इश्वी आणि बरीया. बरीयाला हेबेर आणि मालकीएल असे दोन मुलगे होते, म्हणजे सेरह ही त्यांची आत्या. मराठी आवृत्त्यांमध्ये हे नाव ‘सेरा’, ‘सेराह’ असंही छापलेलं दिसतं. व्यक्ती एकच.

बायबलमध्ये तिच्याबद्दल किती मजकूर आहे?

तीन ठिकाणी एकेक उल्लेख, बस्स.

पहिला उत्पत्ती ४६:१७ मध्ये. आशेराच्या चार मुलांची नावं झाल्यावर ‘आणि त्यांची बहीण सेरह’ एवढंच येतं. दुसरा गणना २६:४६ मध्ये. मिसरमधून सुटल्यावर चाळीस वर्षं रानात काढून लोक मवाबाच्या मैदानात पोहोचलेत, तिथे मोशे नव्या पिढीची शिरगणती करतो. आशेराच्या वंशाची मोजणी चालू असताना एक सुटं वाक्य येतं: आशेराच्या मुलीचं नाव सेरह होतं. पुढच्याच ओळीत या वंशाचा आकडा आहे, ५३,४००. तिसरा उल्लेख १ इतिहास ७:३० मध्ये, जवळजवळ उत्पत्तीच्याच शब्दांत.

तिचं लग्न झालं होतं का, मुलंबाळं होती का, ती कधी वारली, यातलं काहीच लिहिलेलं नाही. तिच्या तोंडी एक वाक्यही नाही.

नावाचा अर्थ काय?

नावांच्या पुस्तकांत ‘विपुलता’ किंवा ‘जास्तीचं, उरलेलं’ असा अर्थ सर्रास दिलेला असतो. तो कुठून आला ते पाहिलं की त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा हेही कळतं.

निर्गमच्या २६ व्या अध्यायात निवासमंडपाचं, म्हणजे उपासनेच्या तंबूचं, वर्णन आहे. मंडपावर घालायला बकऱ्यांच्या केसांचे अकरा पडदे करायचे होते. ते जोडून अंथरल्यावर अर्धा पडदा जास्तीचा उरायचा आणि तो मागच्या बाजूला लोंबत सोडायचा होता. या उरून लोंबणाऱ्या भागाला हिब्रूत ‘सेरह’ म्हटलंय. उच्चार आपल्या सेरहसारखाच, म्हणून अर्थ जोडला गेला.

अडचण अक्षराची आहे. पडद्याचा शब्द ‘सामेख’ या अक्षराने सुरू होतो आणि मुलीचं नाव ‘सीन’ने. दोन्हींचा उच्चार पुढे ‘स’ असाच होत गेला आणि नंतरच्या यहुदी लेखनात तिचं नाव सामेखनेही लिहिलेलं सापडतं. पण बायबलच्या मूळ लेखनात अक्षरं वेगळी आहेत. सीनने सुरू होणारं असं क्रियापद बायबलमध्ये दुसरीकडे कुठे वापरलेलं नाही, त्यामुळे पडताळून पाहायला आधार उरत नाही. माझं मत विचाराल तर ‘विपुलता’ हा अर्थ शक्य आहे म्हणावं, पक्का म्हणू नये. व्यासपीठावरून एखाद्या नावाचा अर्थ ठासून सांगितला जातो आणि त्यावर अख्खं प्रवचन उभं राहतं, तेव्हा मला वाईट वाटतं. या मुलीचं महत्त्व तिच्या नावाच्या अर्थावर अवलंबून नाही.

सेरह आणि अब्राहामाची बायको सारा एकच का?

नाही. सारा ही याकोबाची आजी, म्हणजे सेरहची खापरपणजी. हिब्रूत दोन्ही नावं सीन आणि रेश या अक्षरांनीच सुरू होतात, पण साराच्या शेवटी ‘हे’ आहे आणि सेरहच्या शेवटी ‘खेत’, जो घशातून खरखरीत ‘ख’सारखा काढतात. गोंधळ मात्र जुना आहे. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात गणना २६:४६ मध्ये हिचं नाव चक्क ‘सारा’ असं छापलंय, आणि तेच भाषांतर उत्पत्तीत ‘सेरह’ म्हणतं.

दुसरा गोंधळ १ इतिहासाच्या सातव्या अध्यायातच होतो. तिथे २४ व्या वचनात एफ्राइमाच्या घराण्यातली शेरा येते. तिने खालचं आणि वरचं बेथ-होरोन आणि उज्जन-शेरा ही गावं वसवली. गावं वसवणारी बाई हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण ती ही नव्हे. सहा वचनं पुढे जी येते ती आपली सेरह. तिसरं नाव जेरह, यहूदाचा मुलगा. तो पुरुष, आणि त्याच्या नावाचं पहिलं अक्षरही वेगळं.

याकोबाच्या सगळ्या नातींमधून हिचंच नाव का लिहिलं?

हा खरा प्रश्न. बाकी सगळी परंपरा यातूनच निघालीय.

उत्पत्ती ४६:७ नीट वाचा. याकोबाबरोबर त्याचे मुलगे, नातू, मुली आणि मुलांच्या मुली मिसरला गेल्या असं तिथे आहे. ‘मुलांच्या मुली’, अनेकवचनी. म्हणजे नाती बऱ्याच होत्या. पुढच्या यादीत मुलगा-नातवांची रांग लागते आणि जन्माने या घरातल्या असलेल्या बायकांपैकी दोघींचीच नावं येतात: लेआची मुलगी दीना आणि ही सेरह. दीनाची गोष्ट ३४ व्या अध्यायात सविस्तर येऊन गेलेली असते, म्हणून ती यादीत दिसली तर नवल वाटत नाही. सेरहची गोष्ट कुठेच नाही.

आपल्याकडच्या जुन्या वंशावळी काढून बघा. पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांच्या फांद्या फुटत जातात आणि लेकी सासरी गेल्या की कागदावरून नाहीशा होतात. अशा कागदावर मध्येच एका लेकीचं नाव दिसलं, तेही नवऱ्याच्या नावाशिवाय, तर घरातलं कुणीतरी विचारणारच की ही कोण. यहुदी शास्त्र्यांनी हेच विचारलं. वचनात एकही शब्द फुकट नसतो अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे इथे नाव आहे तर कारणही असणार, हे धरून ते कामाला लागले.

आधुनिक अभ्यासकांचं एक उत्तर बरंच साधं आहे. बायबलच्या वंशावळींत माणसांची, कुळांची आणि कधी गावांचीही नावं एकत्र येतात. १ इतिहास ७:३१ मध्ये सेरहचा भाचा मालकीएल याला ‘बिर्जाविथाचा बाप’ म्हटलंय आणि ते गावाचं नाव असावं असं मानतात. तेव्हा सेरह हे आशेराच्या वंशातल्या एखाद्या शाखेचंही नाव असू शकेल. हे उत्तर पटण्यासारखं आहे. पण गणनेतल्या त्या वाक्याने त्याची पंचाईत होते. आधीच्या दोन वचनांत इम्ना, इश्वी, बरीया, हेबेर, मालकीएल या प्रत्येकापासून कुळ निघाल्याचं सांगितलंय. सेरहपासून कुळ निघालं असं मात्र म्हटलेलं नाही. फक्त नाव आहे.

गणनेतल्या शिरगणतीत बाईचं नाव कसं काय आलं?

तो अध्याय पुरुषांच्या मोजणीचा आहे, वीस वर्षं आणि त्यावरच्या, लढाईला जाऊ शकणाऱ्या. एकूण आकडा ६,०१,७३०. त्यात बायकांची नावं मोजकीच: सलाफहादाच्या पाच मुली महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मग सेरह, आणि शेवटी लेव्यांच्या भागात मोशेची आई योखबेद आणि बहीण मिर्याम. सलाफहादाच्या मुली का आल्या ते पुढच्याच अध्यायात कळतं. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्या वारसाहक्क मागायला मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला.

हाच धागा धरून तेराव्या शतकातला स्पेनमधला भाष्यकार नाहमानी, ज्याला परंपरा रामबान म्हणते, त्याने सेरहचा उलगडा केला. ओंकलोसच्या जुन्या अरामी भाषांतरात या वचनात ‘आशेराच्या बायकोची मुलगी’ असं म्हटलेलं त्याला मिळालं. त्याचं म्हणणं असं की सेरह ही आशेराच्या बायकोला आधीच्या नवऱ्यापासून झालेली मुलगी. त्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून वारस हीच. म्हणूनच तिला ‘त्यांची बहीण’ म्हणून ओळखलं गेलं आणि जमिनीच्या वाटणीसाठी चाललेल्या मोजणीत तिचं नाव घेतलं गेलं. कोर्टकचेरी पाहिलेल्या माणसाला हा युक्तिवाद लगेच कळतो.

फ्रान्समधल्या ट्रॉय गावचा राशी (१०४०–११०५) मात्र एका ओळीत मोकळा होतो: ती तेव्हा अजून जिवंत होती, म्हणून इथे मोजली.

जिवंत? पण तोपर्यंत तर शेकडो वर्षं उलटली होती ना?

होय. निर्गम १२:४० प्रमाणे मिसरमधला मुक्काम ४३० वर्षांचा आणि रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र्यांच्या, हिशेबाने २१०. त्यावर रानातली ४० वर्षं. कुठलाही आकडा घेतला तरी आजोबांचं बोट धरून मिसरला गेलेली मुलगी मवाबाच्या मैदानात असणं माणसाच्या आयुष्यात बसत नाही. परंपरेने हे आनंदाने मान्य केलं आणि म्हटलं, ती मेलीच नाही. मिसरला जाताना ती होती आणि बाहेर पडतानाही ती होती, कारण यादी दोन्ही वेळा तिचं नाव घेते. पुढच्या सगळ्या कथा या एका निरीक्षणातून फुटल्यात. त्या बायबलमध्ये नाहीत, तालमूद (रब्बींच्या चर्चांचा संग्रह) आणि मिद्राश (वचनांवरची कथारूप भाष्यं) या नंतरच्या वाङ्मयात आहेत.

तिला इतकं आयुष्य का मिळालं?

आजोबांना गाणं म्हणून दाखवलं म्हणून. मला स्वतःला सगळ्यात आवडणारी कथा हीच.

आधी बायबलमधला प्रसंग लक्षात घ्या. उत्पत्ती ४५:२६ मध्ये भाऊ मिसरहून परत येतात आणि बापाला सांगतात की योसेफ जिवंत आहे. याकोबाचं काळीज गारठतं, त्याचा विश्वास बसत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी याच मुलांनी रक्ताने माखलेला झगा त्याच्यासमोर टाकला होता. आता त्यांच्याच तोंडून ही बातमी. म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं असतं तर?

मिद्राश इथे सेरहला पुढे आणतो. भावांना काळजी पडते की एकदम सांगितलं तर बाप धक्क्याने जायचा. एका मध्ययुगीन कथाग्रंथात, जो १६२५ साली व्हेनिसला छापला गेला, त्यांना वाटेत सेरह भेटते. मुलगी हुशार आणि वाद्य वाजवण्यात तरबेज. तिच्या हाती ते वीणेसारखं वाद्य देतात. ती आजोबांसमोर बसते आणि हळू आवाजात गाते: माझा काका योसेफ जिवंत आहे, तो मिसर देशावर राज्य करतोय. पुन्हा गाते, मग पुन्हा. गाण्याच्या रूपाने बातमी हळूहळू आत झिरपते. याकोबाच्या मनात आनंद भरतो आणि तो आशीर्वाद देतो: तू माझ्या जिवात जीव आणलास, मरण तुझ्यावर कधी सत्ता न चालवो.

येमेनमधल्या यहुद्यांनी जपलेल्या संग्रहात याचं आणखी आटोपशीर रूप आहे. याकोब प्रार्थनेला उभा आहे आणि सेरह तीन छोट्या यमकबद्ध ओळी म्हणते. योसेफ मिसरात आहे, त्याच्या मांडीवर मनश्शे आणि एफ्राइम खेळतायत. मूळ हिब्रूत ‘मित्स्राईम’, ‘बिर्काईम’, ‘एफ्राईम’ अशी यमकं लागतात. मोठ्याने म्हणून बघा, अंगाईसारखी लय आहे.

मनाने कोसळलेल्या वडीलधाऱ्याला चांगली बातमीसुद्धा कशी सांगावी, हे घरातल्या लहान मुलीला कळलं आणि थोरल्या काकांना कळलं नाही. मूळ मजकुरात नसूनही ही कथा त्या प्रसंगाला इतकी जुळते की एकदा ऐकल्यावर ४५ वा अध्याय तिच्याशिवाय वाचणं जड जातं.

मोशेला तिने ओळखलं म्हणजे काय?

उत्पत्ती ५०:२४ मध्ये मरणशय्येवरचा योसेफ भावांना सांगतो की देव तुमची नक्की भेट घेईल आणि तुम्हाला इथून नेईल. हिब्रूत हे ‘पाकोद यिफ्कोद’ असं आहे, एकच क्रियापद जोर देण्यासाठी दोनदा. परंपरेप्रमाणे हे शब्द खुणेचे होते. याकोबाने ते योसेफाला दिले, योसेफाने भावांना आणि आशेराने आपल्या मुलीला, सेरहला.

पिढ्या जातात. गुलामीत लोक पिचलेत. मोशे आणि अहरोन येतात आणि वडीलजनांसमोर चमत्कार करतात. वडीलजन उठून सेरहकडे जातात, कारण त्या पिढीतली तीच एक उरलीय. ते सांगतात, एक माणूस आलाय, तो अशा अशा खुणा दाखवतो. ती म्हणते, यात काही तथ्य नाही. ते म्हणतात, तो ‘पाकोद पाकाद्ती’ असंही म्हणाला. हे शब्द निर्गम ३:१६ मध्ये देवाने मोशेला सांगितलेले आहेत. हे ऐकताच ती म्हणते, मग हाच तो माणूस, माझ्या बापाकडून मी हेच ऐकलंय.

काठीचा साप झालेला पाहूनही ती हलली नाही, कारण तसले प्रकार फारोचे जादूगारही करत होते. तिला ऐकायचे होते ते घरात सांभाळलेले शब्द. सुटकेचा दावा करणारा कुणीही उठतो, त्याला पारखायला जुनं ऐकलेलं माणूस लागतं. गुलामगिरीत पिचलेल्या लोकांत ते काम एका म्हाताऱ्या बाईकडे होतं, असं रब्बींनी सांगितलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

योसेफाच्या अस्थी तिने दाखवल्या ही कथा काय आहे?

योसेफाने शपथ घातली होती की इथून निघाल तेव्हा माझ्या अस्थी बरोबर न्या. निर्गम १३:१९ म्हणतं की मोशेने त्या नेल्या. पण इतक्या वर्षांनी त्या सापडल्या कुठे? बाबेली तालमूदच्या सोटा या प्रकरणात (१३अ) याचं उत्तर आहे. सगळे लोक मिसऱ्यांकडून सोनंचांदी मागून घेण्यात गुंतलेले, आणि मोशे एकटा योसेफाची शवपेटी शोधत फिरतोय. तो सेरहला विचारतो. ती सांगते, मिसऱ्यांनी त्याच्यासाठी धातूची पेटी बनवली आणि नील नदीत सोडली, नदीच्या पाण्याला बरकत यावी म्हणून. मोशे काठावर उभा राहून हाक मारतो: योसेफा, योसेफा, वेळ आली. तू दिसलास तर ठीक, नाहीतर आम्ही तुझ्या शपथेतून मोकळे. आणि पेटी वर तरंगते.

तिथेच दुसऱ्या एका रब्बीचं मतही नोंदवलंय की योसेफ राजघराण्याच्या कबरस्तानात पुरलेला होता. तालमूदची ही पद्धत मला आवडते, दोन्ही मतं शेजारी ठेवून दिलीत. अस्थींचा प्रवास यहोशवा २४:३२ मध्ये संपतो, त्या शखेमला पुरल्या जातात.

२ शमुवेलमधली शहाणी बाई तीच का?

बायबल तसं म्हणत नाही. २ शमुवेलच्या २० व्या अध्यायात दाविदाचा सेनापती यवाब आबेल बेथ-माका या नगराला वेढा घालतो, कारण बंडखोर शबा तिथे लपलाय. तटावरून एक शहाणी बाई यवाबाला हाक मारते, बोलणी करते आणि नगर वाचवते. तिचं नाव दिलेलं नाही. ती स्वतःला इस्राएलातल्या शांतताप्रिय आणि विश्वासू लोकांपैकी म्हणवते.

बेरेशीत रब्बा हा उत्पत्तीवरचा मिद्राश सांगतो की ही सेरह. ‘शांतताप्रिय’ आणि ‘पूर्ण करणे’ हे हिब्रूत एकाच धातूतले शब्द, म्हणून मिद्राश तिच्या तोंडी घालतो: मी इस्राएलाची संख्या पूर्ण केली, आणि एका विश्वासूला दुसऱ्या विश्वासूच्या हवाली केलं, योसेफाला मोशेच्या. संख्या म्हणजे मिसरला गेलेल्या सत्तरांची. उत्पत्ती ४६ मध्ये लेआच्या लेकरांचा आकडा ३३ दिलाय, पण मिसरला गेलेल्यांची नावं मोजली तर एक कमी भरतो. हा सत्तरावा कोण यावर जुना वाद आहे. कुणी याकोब म्हणतं, कुणी वेशीत शिरताना जन्मलेली योखबेद, तर कुणी सेरह.

आबेल बेथ-माकाची जागा इस्रायलच्या उत्तर सीमेवर मेतुला गावाजवळ आहे आणि २०१३ पासून तिथे उत्खनन चालतं. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातलं दाढीवाल्या पुरुषाचं एक छोटं कोरीव डोकं तिथे सापडलं आणि बरंच गाजलं. नगर खरं होतं एवढं त्यावरून कळतं. सेरहशी त्याचा संबंध जोडू नये.

तांबड्या समुद्राबद्दलची कथा कोणती?

तिसऱ्या शतकात तिबिर्यामध्ये रब्बी योहानान शिकवत होते. समुद्र दुभंगला तेव्हा पाण्याच्या भिंती कशा दिसत होत्या हा विषय निघाला. रब्बी म्हणाले, जाळीसारख्या. तेवढ्यात सेरहने आत डोकावून सांगितलं: मी तिथे होते. त्या उजेडाने भरलेल्या खिडक्यांसारख्या होत्या.

एवढीच कथा आहे. पुढे रब्बी काय म्हणाले हे लिहिलेलं नाही. अभ्यासगृहात बसून तर्क करणाऱ्या पुरुषांनी स्वतःच ही नोंद ठेवलीय की जिने डोळ्यांनी पाहिलं तिचं म्हणणं वेगळं होतं. बायबलमध्ये ज्या बाईला एक वाक्यही मिळालं नाही तिला इथे शेवटचा शब्द मिळाला.

मग तिची कबर कुठे आहे?

एका परंपरेप्रमाणे कबरच नाही. उत्पत्तीच्या एका अरामी भाषांतरात ४६:१७ लाच जोड दिलीय की योसेफाची बातमी दिल्याबद्दल तिला जिवंतपणी एदेन बागेत नेलं गेलं. अशा जिवंत गेलेल्यांच्या यादीत हनोख आणि एलीया यांच्याबरोबर फारोची मुलगी बिथ्या आणि सेरह या दोघी येतात.

इराणच्या यहुद्यांची परंपरा निराळी. इस्फहानच्या नैर्ऋत्येला सुमारे तीस किलोमीटरवर पीर बकरान इथे जुनं यहुदी कबरस्तान आहे आणि तिथे सेरहचं स्थान दाखवतात. यहुदी नववर्षाआधीच्या एलूल महिन्यात भाविक तिथे यात्रेला जात आले आहेत. कबर ‘खरी’ का, हा प्रश्न मला तिथे गौण वाटतो. इराणसारख्या दूरच्या मुलखात पिढ्या काढलेल्या लोकांना मिसरमधल्या परदेशवासात अखेरपर्यंत टिकलेली ही बाई आपली वाटली.

महाराष्ट्रातल्या बेने इस्रायलींमध्ये सेरहची परंपरा आहे का?

सेरहचा म्हणून वेगळा विधी माझ्या परिचयाचा नाही. बेने इस्रायली म्हणजे कोकणातला जुना यहुदी समाज, आणि त्यांचं प्रेम आहे ते एलियाहू हन्नाबीवर, म्हणजे एलीया संदेष्ट्यावर. नवस फेडताना, लग्नाआधी, घरातल्या मंगल प्रसंगी त्याच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा होतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवतात. जिवंतपणी स्वर्गात गेलेल्या ज्या यादीत सेरह आहे तिच्यातच हा एलियाहू आहे, एवढा धागा खरा. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतल्या बेने इस्रायलींनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि केली. गाऊन गोष्ट पोहोचवण्याची ही रीत सेरहच्या कथेला फार जवळची आहे.

ख्रिस्ती वाचकाने या कथा खऱ्या मानायच्या का?

वचन म्हणून मानायच्या नाहीत. वचनात तीन ओळी आहेत आणि त्या तेवढ्याच राहू द्याव्यात. पण शेकडो वर्षं मूळ हिब्रू मजकूर रोज वाचणाऱ्या लोकांना कुठे काय खटकलं, हे या कथांतून कळतं. त्यांना खटकलेल्या जागा खऱ्या आहेत: याकोबाला बातमी कशी सांगितली, वडीलजनांनी मोशेवर विश्वास का ठेवला, अस्थी कशा सापडल्या. यातलं उत्तर नाही पटलं तरी प्रश्न घ्यावा.

नव्या करारात लूक २:३६ उघडा. मंदिरात बाळ येशूला पाहून जी म्हातारी देवाचे आभार मानते आणि सुटकेची वाट पाहणाऱ्यांना त्याच्याबद्दल सांगते, ती फनुएलाची मुलगी हन्ना. लूक तिचा वंश मुद्दाम सांगतो: आशेर. लूकच्या मनात सेरह होती असा दावा मी करणार नाही, त्याला पुरावा नाही. पण आशेराच्या घराण्यातली म्हातारी स्त्री सुटका करणाऱ्याला ओळखते, हे दोन्हीकडे आहे आणि वाचताना ते माझ्या नजरेतून सुटत नाही.

मुलीचं नाव सेरह ठेवावं का?

जरूर ठेवा. मराठीत लिहायला ‘सेरह’ किंवा ‘सेरा’ दोन्ही चालतं. शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर एकच रूप राहील एवढं बघा, कारण लोक ‘सारा’ असं दुरुस्त करून लिहिण्याची शक्यता दांडगी आहे. बारशाला कुणी अर्थ विचारला तर ‘विपुलता असा अर्थ मानतात’ म्हणावं आणि मग गाण्याची गोष्ट सांगावी.

अभ्यासवर्गात हा विषय घ्यायचा तर कुठून सुरुवात करावी?

उत्पत्ती ४५:२५ पासून ४६:२७ पर्यंत एका बैठकीत मोठ्याने वाचा. नावांची यादी गाळू नका. उलट ती एखाद्या मुलीला किंवा आजीला वाचायला द्या आणि १७ व्या वचनाला थांबा. तिथे वर्गालाच विचारा की हे नाव इथे का असेल, आणि लगेच उत्तर देऊ नका. दुसऱ्या बैठकीला उत्पत्ती ५०:२२–२६, निर्गम ३:१३–१८ आणि १३:१९ घ्या. तिसऱ्या बैठकीला गणना २६ मधली आशेराची वचनं आणि लागून २७:१–७ घ्या, म्हणजे सेरह आणि सलाफहादाच्या मुली शेजारी शेजारी दिसतील. मिद्राशातल्या कथा प्रत्येक बैठकीच्या शेवटी सांगा, मूळ वचन वाचून आणि बोलून झाल्यावरच.